मोटारीचें महाग तेल : घ्यावें कीं न घ्यावें ?

संसाराच्या जमाखर्चांत कांहीं बाबी दरमहा ठरलेल्या येतात व त्यांविषयीं कोणी बोलतही नाहीं. उलट कांहीं बाबी वर्षांतून एक-दोनदांच येतात, पण आल्या म्हणजे घरांत वादाला तोंड फोडून जातात. मोटारीच्या इंजिनांत घालावयाचें तेल ही या दुसऱ्या प्रकारची बाब होय. दुकानाच्या एकाच कपाटांत दोन डबे शेजारीं-शेजारीं मांडलेले असतात. एकांत साधें खनिज तेल, दुसऱ्यावर 'फुल्ली सिंथेटिक' अशीं ठळक अक्षरें, आणि दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या दुप्पट, क्वचित् तिप्पट. घरांतील काका म्हणतात, "तीस वर्षें जीप साध्या तेलावर चालविली; इंजिन एकदांच उतरविलें." पुण्यास नोकरी करणारा पुतण्या म्हणतो, "काका, आतांचीं इंजिनें निराळीं. चार पैसे वांचवूं जाल आणि इंजिन घालवून बसाल." दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे, मात्र दोघेही एकाच गाडीविषयीं बोलत नाहींत, हें दोघांच्याही ध्यानांत येत नाहीं.

हा प्रश्न अधांतरीं सुटण्यासारखा नाहीं. गाडी कोणत्या हवेंत, कोणत्या रस्त्यानें व किती लांब जाते यावर त्याचें उत्तर अवलंबून आहे. म्हणून आम्ही एक गांव समोर ठेवून विचार करण्याचें योजिलें आहे. तें गांव धाराशिव जिल्ह्यांतील, उमरगे तालुक्यांतील मुरुम. गांवास नगरपरिषद आहे, महाविद्यालय आहे, विठ्ठलसाई सहकारी साखर कारखाना आहे. एका अंगास सोलापुराहून हैदराबादेस जाणारा राष्ट्रीय महामार्ग, तर दुसऱ्या अंगास कर्नाटकाची हद्द. ज्या भुसभुशीत खडकाचा चुरा दख्खनभर रस्त्यांवर अंथरतात, त्यासही आपण मुरूमच म्हणतों. व्युत्पत्तीच्या वादांत आम्ही शिरत नाहीं. परंतु आमच्या विषयास तें नांव सोईचें आहे, कारण पुढें धुळीची गोष्ट निघावयाची आहे. अशा गांवांतील एखाद्या एकत्र कुटुंबांत आज एक मोटार, दोन-तीन मोटारसायकली, शेतावर एक ट्रॅक्टर आणि कदाचित् विहिरीवरचें एखादें जुनें डिझेल इंजिन एवढा परिवार सहज असतो. या सर्वांना एकाच डब्यांतील तेल घालावें कीं काय, येथपासून विचारास आरंभ केला पाहिजे.

वंगण म्हणजे काय हें आमच्या आजोबांच्या पिढीस शिकवावें लागत नसे. बैलगाडीचा आंस कुरकुरूं लागला कीं एरंडेल आलेंच. लोखंडावर लोखंड घासलें म्हणजे तें झिजतें, तापतें आणि शेवटीं धरून बसतें, हें त्या कुरकुरण्यानेंच सांगितलेलें असे. इंजिनाचें दुर्दैव असें कीं, तें कुरकुरूं लागतें तेव्हां बहुधा वेळ निघून गेलेली असते. एरंडेलाची योग्यता पाश्चात्त्य यंत्रज्ञांसही पटली होती. पहिल्या महायुद्धांतील पुष्कळ विमानांच्या इंजिनांत एरंडेलच घालीत, आणि १९०९ सालीं रूढ झालेलें कॅस्ट्रॉल हें तेलाचें नांव एरंडेलाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नांवावरूनच बनविलेलें आहे. परंतु एरंडेल फार तापलें म्हणजे त्याचा गोंद होतो. यामुळें मोटारींच्या इंजिनांत जमिनींतून निघणाऱ्या खनिज तेलाचेंच राज्य झालें.

इंजिनांतील तेलास एकच काम नसतें. तें फिरत्या भागांमध्यें पातळ पडदा धरतें, पिस्टनाची उष्णता वाहून नेतें, गंज थांबवितें, आणि जळणाची काजळी धुऊन आपल्या पोटांत ठेवतें. यामुळेंच डिझेलच्या इंजिनांतील नवें तेल थोड्याच तासांत काळें पडतें. तें बिघडलें म्हणून नव्हे, तर आपलें काम करूं लागलें म्हणून. डब्यांतील तेलापैकीं शेंकडा पंचाहत्तर ते नव्वद भाग मूळ तेलाचा असतो व उरलेला भाग औषधांचा : मळ धुणारीं, आम्ल मारणारीं, झीज थांबविणारीं अशीं निरनिराळीं रसायनें. साधें आणि सिंथेटिक हा भेद मूळ तेलापुरता आहे. औषधें दोहोंतही असतात, आणि इंजिनाचें रक्षण बरेंच त्यांवर अवलंबून असतें, ही गोष्ट जाहिरातींत सहसा येत नाहीं.

मग हें सिंथेटिक म्हणजे काय ? खनिज तेल शुद्ध केलें तरी त्यांत लहान-मोठे, वेडेवांकडे नाना आकारांचे रेणु राहतात. निवडलेल्या डाळींतही कांहीं खडे राहावेत तसे. रसायनज्ञांनीं विचार केला कीं, निवडीत बसण्यापेक्षां हवे तेवढेच, एकसारखे रेणु आपणच कां बांधूं नयेत ? अमेरिकेंतील स्टँडर्ड ऑईल ऑफ इंडियाना या कंपनीनें १९२९ च्या सुमारास असें तेल बाजारांत आणण्याची खटपट केली. पण गिऱ्हाईक मिळालें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनीला तेलाची टंचाई आणि रशियांतील गोठविणारी थंडी या दोहोंशीं एकदमच झगडावें लागलें, व तेथील रसायनज्ञांनीं एस्टर जातीचीं हजारों वंगणें करून पाहिलीं. पुढें जेट विमानांस अशाच तेलावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. आल अमाटुझिओ या अमेरिकन लढाऊ वैमानिकानें हें विमानांत पाहिलें आणि १९७२ मध्यें मोटारींसाठीं सिंथेटिक तेल काढलें. त्यानंतर दोनच वर्षांनीं मोबिल कंपनीचें सुप्रसिद्ध तेल अमेरिकेच्या बाजारांत आलें.

येथवर शब्द आणि वस्तु यांचा मेळ होता. पुढें मात्र एक मौज झाली. खनिज तेलावरच हायड्रोजन वायूची प्रखर प्रक्रिया करून त्याचे रेणु मोडून पुन्हा जुळविण्याची कला साधली, आणि तें तेल बांधीव तेलाच्या जवळपास जाऊं लागलें. कॅस्ट्रॉलनें असें तेल सिंथेटिक म्हणून विकण्यास आरंभ केला. मोबिलनें तक्रार केली. आणि जाहिरातींची छाननी करणाऱ्या तेथील मंडळानें १९९९ सालीं कॅस्ट्रॉलच्या बाजूनें कौल दिला. तेव्हांपासून 'सिंथेटिक' हा शब्द बऱ्याच देशांत तेलाच्या उगमाचा न राहतां त्याच्या गुणाचा, किंबहुना विक्रीचा झाला आहे. अमेरिकन पेट्रोलियम संस्थेनें मूळ तेलांचे पांच गट पाडले आहेत : पहिले दोन सामान्य खनिज तेलाचे, तिसरा वर सांगितलेल्या प्रखर प्रक्रियेच्या तेलाचा, चौथा खऱ्याखुऱ्या बांधीव तेलाचा, आणि पांचवा एस्टर वगैरे उरलेल्या सर्वांचा. आपल्याकडील डब्यांवर गट बहुधा छापलेला नसतो. म्हणून ग्राहकानें 'सिंथेटिक' या अक्षरांना भुलूं नये. डब्याच्या पाठीमागें बारीक टाईपांत जें छापलेलें असतें, तें वाचावें.

त्या बारीक टाईपांतील पहिली ओळ चिकटपणाच्या आंकड्यांची असते. २०डब्ल्यू-५० किंवा ५डब्ल्यू-३० असे ते आंकडे असतात. डब्ल्यूच्या आधींचा आंकडा थंडीचा : तो जितका लहान तितकें तेल थंडींत वाहतें. ५डब्ल्यूची कसोटी शून्याखालीं ३० अंशांवर घेतात, २०डब्ल्यूची शून्याखालीं १५ अंशांवर. मुरुमास पौष महिन्यांतील पहांटही शून्याच्या आसपास येत नाहीं. सिंथेटिक तेलाचा जो गुण रशियांत किंवा कॅनडांत सोन्याच्या मोलाचा ठरतो, त्याची किंमत उमरगे तालुक्यांत फारशी देण्याचें कारण नाहीं. डब्ल्यूनंतरचा आंकडा उष्णतेंतील घट्टपणाचा. तो १०० अंशांवर मोजतात, आणि ५० हें ३० पेक्षां घट्ट. येथें पुष्कळांचा असा समज असतो कीं, आपला उन्हाळा कडक, तेव्हां तेल जितकें घट्ट तितकें बरें. जुन्या, सैल झालेल्या इंजिनास तें लागूही पडतें. परंतु नव्या इंजिनांतील फटी व तेलाचे मार्ग पातळ तेल धरूनच आंखलेले असतात, आणि त्यांत घट्ट तेल घालणें म्हणजे वरच्या भागास तें उशिरा पोंचविणें होय.

सिंथेटिकचा खरा गुण आमच्या मतें उष्णतेशीं व काळाशीं टिकण्याचा आहे. तापलेल्या तेलाचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन तें दाट व आंबट होत जातें. दर दहा अंश उष्णता वाढली कीं हा वेग सुमारें दुप्पट होतो, असा स्थूल नियम आहे. एकसारख्या रेणूंचें तेल या हल्ल्याला जास्त वेळ दाद देत नाहीं. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशननें २०१७ मध्यें पांच साधीं व पांच सिंथेटिक तेलें कसोट्यांस लाविलीं, तेव्हां सिंथेटिक तेलें सरासरीनें शेंकडा ४७ सरस ठरलीं. हा आंकडा आम्हांस मान्य आहे. पण कसोटी प्रयोगशाळेंतील होती; तींत मुरुमची धूळ नव्हती.

आतां त्या धुळीकडे वळूं. ऊंसतोडीच्या दिवसांत कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग लागली म्हणजे मागच्या गाडीस पुढची दिसेनाशी होते. त्या धुराळ्यांत खडकाचे अति बारीक कण असतात. इंजिन तीच हवा ओढतें. हवेची गाळणी फाटलेली, सैल बसलेली किंवा नळीस चीर गेलेली असेल, तर ते कण सिलिंडरांत शिरून पिस्टनाच्या कड्या घासतात व खालीं तेलांत उतरतात. तेलाचा पडदा कांहीं ठिकाणीं डोक्याच्या केंसाच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ असतो. तेलाच्या गाळणींतून सुटलेला बारीक कणही तो भेदूं शकतो. अशा वेळीं डबा साडेतीनशेंचा होता कीं हजाराचा होता, हें धूळ विचारीत नाहीं. जुन्या ट्रॅक्टरांना खालीं तेलाची वाटी असलेली हवागाळणी असते. ती वाटी धुळीच्या दिवसांत रोज पाहावी, व चिखल सांठलेला दिसला कीं धुवावी. या कामास अर्धा घंटा लागतो व खर्च जवळजवळ कांहींच लागत नाहीं. आणि म्हणूनच कीं काय, तें टळतें.

तेल बिघडण्याचें दुसरें कारण याहून चोरटें आहे. मोटार घरांतून निघते, बाजारांत जाते, मुलीला महाविद्यालयांत सोडते आणि परत येते. एकंदर चार-पांच किलोमीटर. पाणी तापल्याचा कांटा वर चढला तरी तेल पुरतें तापलेलें नसतें. जळणांतून निघालेली वाफ व थोडें न जळलेलें पेट्रोल तेलांत उतरतें, आणि तें उडून जाण्याइतकी उष्णता मिळण्यापूर्वींच इंजिन बंद होतें. पावसाळ्यांत तेलाचें झांकण उघडून पाहिलें तर आंतल्या बाजूस कधीं-कधीं दुधावरच्या सायीसारखा पांढरट थर दिसतो, तो यामुळें. महिन्यांतून एखाद्या वेळीं गाडी सोलापूर किंवा लातुरास नेऊन आणली, तर हें पाणी उडून जातें. परंतु ज्यांची गाडी गांवाबाहेर पडतच नाहीं, त्यांचें तेल किलोमीटर थोडे दिसत असले तरी मुदतीनें बदललेंच पाहिजे.

याचा हिशोबाशीं काय संबंध, तें आतां सांगतों. समजा, मोटारींत साडेतीन लिटर तेल राहतें. साधें तेल लिटरास ३५० रुपये, सिंथेटिक ८५० रुपये, आणि गाळणी व मजुरी मिळून ६०० रुपये. साध्या तेलाची एक बदली १,८२५ रुपयांस पडते, सिंथेटिकची ३,५७५ रुपयांस. दोन्ही तेलें दहा हजार किलोमीटरांवरच बदललीं, तर सिंथेटिकपायीं १,७५० रुपये जास्त गेले. तें पेट्रोल वांचवून भरून काढील म्हणावें, तर लिटरास अठरा किलोमीटर जाणाऱ्या गाडीस तेवढ्या अंतरांत, लिटर १०५ रुपयांचें धरलें असतां, सुमारें ५८,३०० रुपयांचें पेट्रोल लागतें; १,७५० रुपये म्हणजे त्याचे शेंकडा तीन. अमेरिकन सरकारचें इंधनखातें सांगतें कीं, कारखान्यानें सांगितलेल्या चिकटपणाचेंच तेल घातल्यानें शेंकडा एक ते दोन इंधन वांचूं शकतें. आणि ती बचत योग्य चिकटपणाची आहे, सिंथेटिकपणाची नव्हे. म्हणजे या मार्गानें पैसे परत येत नाहींत.

उलट, साधें तेल पांच हजारांवर बदलावें लागतें व सिंथेटिक दहा हजार जातें असें असेल, तर दोन साध्या बदल्यांस ३,६५० व एका सिंथेटिकच्या बदलीस ३,५७५ रुपये. दोन्ही पारडीं सारखीं, आणि गॅरेजची एक फेरी वांचली तो फायदा वेगळा. सारा प्रश्न या एका गोष्टीपाशीं येऊन ठेपतो : महाग तेल दुप्पट चालवितां येतें कीं नाहीं ? आणि येथेंच गाडीबरोबर मिळणारी पुस्तिका उघडली पाहिजे. तींत बहुधा तेल बदलण्याचीं दोन वेळापत्रकें असतात. एक सामान्य वापराचें आणि दुसरें कठीण वापराचें. धूळ, ओझें, जवळच्या फेऱ्या, यांना पुस्तिका कठीण वापर म्हणते व मुदत कमी करते, कित्येकदां निम्म्यावर आणते. मुरुमांतील पुष्कळ गाड्या वर्षांतील बरेच महिने या दुसऱ्याच वर्गांत मोडतात. तेथें तेल धुळीनें व पाण्यानें बिघडतें, केवळ उष्णतेनें नव्हे. यामुळें ज्या टिकाऊपणाचे आपण पैसे भरले तो वापरण्यापूर्वींच तेल काढून टाकावें लागतें. शिवाय हमीच्या मुदतींत पुस्तिकेपेक्षां जास्त अंतर तेल चालविलें व इंजिन बिघडलें, तर दुरुस्तीचा दावा नाकारला जाण्याची भीति आहेच.

तेव्हां काकांची जीप आणि पुतण्याची मोटार यांचा निवाडा निरनिराळा होतो. जुनी, साधी, सैल झालेली जीप, शेतावरचा ट्रॅक्टर, १९४६ मध्यें पुण्यास किर्लोस्कर ऑईल इंजिन्स कंपनी निघाल्यापासून मराठी शेतकऱ्याच्या परिचयाचें झालेलें विहिरीवरचें मंद गतीचें इंजिन : यांना चांगल्या कंपनीचें, पुस्तिकेंत सांगितलेल्या प्रतीचें साधें तेल मुदतीस घालावें. ट्रॅक्टरांत एका वेळीं सात-आठ लिटर तेल जातें व मुदत तासांवर मोजतात. तेथें महाग तेल घालून मुदत लांबविण्यापेक्षां साधें तेल वेळेवर बदलणें शतपटीनें बरें. जें इंजिन तेल पितें, निळसर धूर सोडतें, त्यांत सिंथेटिक ओतणें म्हणजे फुटक्या रांजणांत गुलाबपाणी भरणें होय.

पुतण्याच्या गाडीची गोष्ट निराळी. १ एप्रिल २०२० पासून देशांत भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, आणि त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांना ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असें पातळ तेल सांगितलेलें असतें. इतकें पातळ व तरीही टिकाऊ तेल साध्या मूळ तेलापासून नीट बनत नाहीं. तेथें निवड उरतच नाहीं, सिंथेटिक किंवा मिश्र तेलच घ्यावें लागतें. ज्या इंजिनास टर्बो आहे, त्याचा प्रश्न तर याहून नाजुक. टर्बोचा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि हैदराबादेहून दमटून आणलेली गाडी दारांत येतांच बंद केली, कीं त्या तापलेल्या जागेंतील तेल जागच्या जागीं भाजून त्याचा कोळसा होऊं लागतो. तेथें सिंथेटिकचे जास्त पैसे देणें सर्वथा रास्त आहे; आणि गाडी थांबविल्यावर मिनिटभर इंजिन तसेंच चालूं द्यावें, ही संवयही फुकटची आहे. डिझेलच्या नव्या मोटारींत धुराची काजळी धरणारी चाळणी असते; तिला कमी राखेचें तेल लागतें. तें न घालतां ट्रॅक्टरच्या डब्यांतील उरलेलें तेल घातलें, तर चाळणी राखेनें बुजूं लागते आणि तिची दुरुस्ती कित्येक वर्षांच्या तेलाहून महाग पडते. एकत्र कुटुंबांत ही चूक होण्याचा संभव फार. कारण उरलेलें वायां घालवूं नये ही आपली जुनी शिस्त.

मोटारसायकलीचेंही तसेंच. तिच्यांत इंजिन, गिअर आणि क्लच हीं तिन्हीं एकाच तेलांत बुडालेलीं असतात. मोटारीचें गुळगुळीत तेल घातलें तर क्लच घसरूं लागतो. जपानी मंडळाची 'जासो एमए' किंवा 'एमए-२' ही खूण डब्यावर पाहून घ्यावी. रोज शेतावर जाऊन येणाऱ्या शंभर सीसीच्या गाडीस साधें तेल पुरेसें होतें. एक लिटरचा तर प्रश्न.

नवी गाडी व जुनी गाडी यांचे डबे निराळे ठेवावेत, प्रत्येकावर खडूनें गाडीचें नांव लिहावें, आणि तेल बदलल्याची तारीख व किलोमीटर भिंतीवरच्या दिनदर्शिकेंतच टिपावे. घरांतील ज्या कोणाचें अक्षर चांगलें असेल, त्यानें हें काम अंगावर घ्यावें. आमच्या अनुभवानें तें बहुधा गृहिणीचें असतें, आणि गाडीची मुदत तिच्याइतकी कोणाच्याच ध्यानांत राहत नाहीं.

नकली मालाबद्दल दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. नामांकित कंपन्यांचे रिकामे डबे जमवून त्यांत गाळलेलें जुनें तेल भरून विकण्याचा धंदा आपल्या देशांत चालतो, व महाग तेलावर त्याची नजर जास्त असते. झांकणाचें सील, बॅच क्रमांक व बनविल्याची तारीख पाहून, पक्की पावती घेऊनच तेल घ्यावें; आणि रिकामा डबा भंगारवाल्यास देण्यापूर्वीं त्यास खिळ्यानें भोंक पाडावें.

राहतां राहिलें तें इंजिनांतून काढलेलें जळकें ऑईल. तें दारां-चौकटींस वाळवीसाठीं फांसणें, गोठ्यामागें ओतणें किंवा ओढ्यांत सोडणें अजून पुष्कळ ठिकाणीं चालतें. त्यांत जळणाचीं विषारी द्रव्यें व धातूंचा कीस उतरलेला असतो. आणि मुरुमसारख्या टापूंत, जेथें उन्हाळ्यांत विहिरी व विंधनविहिरींच्या भरंवशावर दिवस काढावे लागतात, तेथें तें पाण्यांत जाऊं देणें फार महागांत पडेल. १ एप्रिल २०२४ पासून तेल बनविणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या तेलाच्या पुनःशुद्धीची जबाबदारी कायद्यानें टाकिलेली आहे, आणि तें गोळा करणारे परवानाधारक आतां मोठ्या गॅरेजांकडे येतात. ट्रॅक्टरचें एका वेळचें सारें तेल दहा लिटरच्या जुन्या कॅनमध्यें मावतें. झांकण घट्ट लावून तो कॅन सोलापूरकडे किंवा उमरग्यास गाडी दुरुस्तीस जाईल तेव्हां बरोबर द्यावा.